नियमांच्या चौकटीतील कुटुंब : अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंच्या नातेवाइकांना मिळणाऱ्या भेटी व प्रवासखर्चाविषयीच्या नियमांची चिकित्सा

प्रास्ताविक

इ.स. १८५२ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील विनिपेसॉकी सरोवरावर हार्वर्ड व येल या दोन महाविद्यालयांच्या संघांत नौकास्पर्धा झाली. अमेरिकेतील आंतरमहाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचा इतिहास या स्पर्धेपासून सुरू होतो, असे मानले जाते. या स्पर्धेमागे एक रेल्वे कंपनी होती. आपल्या मार्गावरील प्रवासी वाढावेत या हेतूने तिने दोन्ही संघांच्या प्रवासाचा व निवासाचा खर्च उचलला होता. म्हणजे महाविद्यालयीन खेळ आणि दुसऱ्याने भरलेले प्रवासभाडे यांचा संबंध अमेरिकेत खेळाच्या जन्मापासूनचा आहे. पुढे याच देशात खेळाडूच्या आईच्या विमानतिकिटाचे पैसे कोणी भरले, या प्रश्नावर चौकश्या झाल्या, पारितोषिके परत गेली आणि तरुण खेळाडूंना सामन्यांना मुकावे लागले. ही विसंगती विचार करायला लावणारी आहे.

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन प्रामुख्याने नॅशनल कॉलेजिएट अॅथलेटिक असोसिएशन, म्हणजेच एन.सी.ए.ए., ही संस्था करते. खेळाडूंच्या मानधनाविषयीच्या तिच्या नियमांवर विपुल लेखन झाले आहे. परंतु खेळाडूच्या कुटुंबाला मिळणाऱ्या भेटी, मदत व प्रवासखर्च यांविषयीच्या तरतुदींकडे तुलनेने कमी लक्ष दिले गेले. प्रस्तुत लेखात या तरतुदींचा परामर्श घेतला आहे. या नियमांत ‘कुटुंब’ या संकल्पनेचे दोन परस्परविरोधी अर्थ एकाच वेळी गृहीत धरले गेले आणि त्यांतूनच पुढील अन्याय व गोंधळ उद्भवला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

नियमांची ऐतिहासिक पार्श्वभूमी

अमेरिकी फुटबॉल या खेळात होणारे मृत्यू व गंभीर दुखापती यांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी मोठा लोकक्षोभ निर्माण झाला. १९०५ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळात सुधारणा करण्याचा आग्रह धरला. त्यानंतर १९०६ साली जी संघटना स्थापन झाली, तिनेच १९१० मध्ये एन.सी.ए.ए. हे नाव धारण केले. संस्थेचा जन्म अशा रीतीने खेळाडूच्या शरीराच्या रक्षणासाठी झाला. त्याच्या हौशीपणाचे रक्षण हे कार्य पुढे प्रधान होत गेले.

१९२९ साली कार्नेगी प्रतिष्ठानच्या अहवालाने महाविद्यालयीन खेळाडूंना छुप्या मार्गाने पैसे देण्याची प्रथा किती रुजली आहे हे दाखवून दिले. १९४८ मध्ये ‘सॅनिटी कोड’ या नावाने कठोर नियमावली आली. पण ती मोडणाऱ्या सात संस्थांची हकालपट्टी करण्यास १९५० मध्ये पुरेशी मते मिळाली नाहीत आणि १९५१ साली ती रद्द झाली. १९५६ मध्ये क्रीडाकौशल्यावर आधारित शिष्यवृत्तीला रीतसर मान्यता मिळाली. याच दशकात ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द प्रचारात आला. संस्थेचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी या शब्दाच्या प्रचाराची जबाबदारी पुढे स्वतः मान्य केली. खेळाडूला कर्मचारी ठरवून नुकसानभरपाईचे दावे दाखल होऊ नयेत, हा त्यामागील एक हेतू होता. १९५५ मध्ये फुटबॉलच्या सामन्यातील दुखापतीमुळे रे डेनिसन या कोलोरॅडोतील खेळाडूचा मृत्यू झाला. त्याच्या विधवेने मागितलेली भरपाई १९५७ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. महाविद्यालयीन खेळाडूच्या कुटुंबाचे नियमांशी असलेले नाते कसे असणार, याची ही जणू पूर्वसूचना होती. बायर्स यांनी निवृत्तीनंतर, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात याच व्यवस्थेवर कठोर टीका केली, हेही येथे नमूद करणे अगत्याचे आहे.

‘अतिरिक्त लाभ’ ही संकल्पना

कुटुंबाशी संबंधित तरतुदींचा पाया ‘अतिरिक्त लाभ’ या संकल्पनेत आहे. विद्यापीठाच्या कर्मचाऱ्याने किंवा ‘बूस्टर’ने, म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडाविभागाला देणगी देणाऱ्या अथवा अन्य प्रकारे पाठबळ देणाऱ्या हितचिंतकाने, खेळाडूला, त्याच्या नातेवाइकांना किंवा मित्रांना नियमांनी स्पष्टपणे परवानगी न दिलेला लाभ मिळवून देणे म्हणजे अतिरिक्त लाभ होय. तोच लाभ विद्यापीठातील इतर विद्यार्थ्यांना अथवा त्यांच्या नातेवाइकांना क्रीडाकौशल्याचा विचार न करता मिळत असेल, तर मात्र तो दोषार्ह ठरत नाही.

वरकरणी ही व्याख्या समतोल वाटते. सामान्य विद्यार्थ्याला जे मिळते ते खेळाडूलाही मिळावे. त्याहून अधिक नको, हे तिचे तत्त्व आहे. परंतु तिची रचना बारकाईने पाहिल्यास दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, जे स्पष्टपणे मान्य नाही ते सर्व निषिद्ध, असा येथे दंडक आहे. कायद्याच्या सर्वसाधारण तत्त्वाच्या हे नेमके उलट होय. परिणामतः परवानग्यांची यादी वाढत गेली आणि नियमपुस्तिका शेकडो पृष्ठांची झाली. प्रत्येक सामन्यासाठी खेळाडूला आपल्या आप्तांकरिता चार मोफत प्रवेशिका मिळतील, हंगामोत्तर स्पर्धेत सहा मिळतील, पण त्या विकता येणार नाहीत. प्रशिक्षकाच्या घरी प्रसंगोपात्त जेवण चालेल. अशा तरतुदींनी ही पुस्तिका भरली.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ‘सामान्य विद्यार्थी’ या मापदंडात सामान्य विद्यार्थ्याचे पालक दर आठवड्याला देशाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या मुलाला पाहायला जात नाहीत, आणि त्याच्या परीक्षेची तिकिटे कोणी विकत नाही, या वस्तुस्थितीला स्थान नाही. ज्या प्रसंगातून विद्यापीठाला, वाहिन्यांना व स्पर्धेच्या आयोजकांना उत्पन्न मिळते, त्या प्रसंगाला खेळाडूच्या आईवडिलांनी हजर राहावे की नाही, या प्रश्नाला सामान्य विद्यार्थ्याच्या जीवनात समांतर उदाहरणच नाही. तुलनेचा आधारच जेथे सापडत नाही तेथे समानतेचा मापदंड निरर्थक ठरतो.

नियमांतील कुटुंबाची दोन रूपे

या नियमांत कुटुंबाची दोन रूपे आढळतात. लाभ स्वीकारण्याच्या बाबतीत कुटुंब व खेळाडू एकच मानले जातात. आईला मिळालेली रक्कम ही मुलाला मिळालेलीच रक्कम होय. वडिलांच्या घराचे भाडे दुसऱ्याने भरले तर तो मुलाचा लाभ होय. मुलाला त्याची कल्पना होती किंवा नाही, हा प्रश्न दुय्यम राहतो. याउलट गरजेच्या बाबतीत कुटुंब हे खेळाडूपासून पूर्णतः वेगळे, विद्यापीठाशी काहीही संबंध नसलेले मानले जाते. शिष्यवृत्तीत खेळाडूचे शिक्षणशुल्क, निवास व भोजन येते; त्याच्या कुटुंबाची गरज तिच्या कक्षेबाहेर राहते. थोडक्यात, दोषासाठी कुटुंब एक आणि हक्कासाठी कुटुंब परके, अशी ही रचना होती.

या रचनेतील विसंगती दाखवणारी एक तरतूद विशेष उल्लेखनीय आहे. खेळाडूच्या जिवावर बेतणारी दुखापत वा आजार झाल्यास, किंवा त्याचा मृत्यू ओढवल्यास, त्याच्या जवळच्या नातेवाइकांचा प्रवास, निवास व भोजन यांचा खर्च करण्याची मुभा विद्यापीठाला होती. ही तरतूद मानवतेची आहे यात शंका नाही. परंतु तिचा व्यत्यास असा होतो की, मुलगा मृत्युशय्येवर असेल तर विद्यापीठाने आईला बोलावून आणावे. तो आयुष्यातील सर्वांत मोठा सामना खेळत असेल तर मात्र तिने आपल्या पैशाने यावे.

अशीच दुसरी विसंगती हंगामाच्या अखेरीस होणाऱ्या ‘बोल’ सामन्यांतील भेटवस्तूंची आहे. या सामन्यांच्या आयोजकांना प्रत्येक खेळाडूला ५५० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू देण्याची मुभा एन.सी.ए.ए.ने दिली होती. घड्याळे, व्हिडिओ खेळांची यंत्रे, चष्मे अशा वस्तू त्यातून वाटल्या जात. त्याच सामन्यासाठी खेळाडूच्या पालकांना तिकिटाचे पैसे देणे मात्र नियमबाह्य ठरे. घड्याळ दिल्याने हौशीपणाला बाधा येत नाही, पण आईच्या प्रवासाने येते, हे कोणत्या तत्त्वावर ठरले याचा उलगडा नियमांच्या शब्दांतून होत नाही.

निवडक प्रकरणांचा अभ्यास

नियमांचा अर्थ त्यांच्या शब्दांपेक्षा त्यांच्या अंमलबजावणीत अधिक स्पष्ट होतो. त्या दृष्टीने चार प्रकरणे विचारात घेता येतील.

पहिले प्रकरण २००६ सालचे आहे. दक्षिण कॅरोलायना राज्यातील क्लेमसन विद्यापीठाचा फुटबॉलपटू रे रे मॅकएलरॅथबी याने आईच्या व्यसनाधीनतेमुळे आपल्या ११ वर्षांच्या भावाचा ताबा स्वतःकडे घेतला. तो स्वतः तेव्हा १९ वर्षांचा होता. प्रशिक्षकांच्या पत्नी त्या मुलाला शाळेत सोडण्या-आणण्यास तयार होत्या, लोक आर्थिक मदत देऊ इच्छित होते. पण नियमानुसार यातील प्रत्येक गोष्ट अतिरिक्त लाभ ठरत होती. अखेर एन.सी.ए.ए.ने खास सवलत देऊन विश्वस्त निधी उभारण्यास व मुलाची ने-आण करण्यास परवानगी दिली. या कथेवर २०२० साली ‘सेफ्टी’ हा चित्रपटही निघाला. संस्थेने दाखवलेली सहृदयता नाकारण्याचे कारण नाही. तथापि प्रश्न असा उरतो की, शाळकरी मुलाला मोटारीतून शाळेत पोहोचवण्यासाठी ज्या नियमाला अपवाद करावा लागतो, त्या नियमाची मूळ मांडणी योग्य आहे काय? शिवाय ही सवलत प्रसिद्धी मिळाल्यानंतरची होती. ज्यांच्या अडचणी वृत्तपत्रांत आल्या नाहीत अशांना सवलत मागण्याचे धैर्य झाले असेल असे म्हणता येत नाही.

दुसरे प्रकरण रेजी बुश याचे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या या खेळाडूला २००५ साली महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च मानला जाणारा हाइझमन करंडक मिळाला. पुढे त्याचा व्यवसाय हाती यावा या आशेने काही व्यक्तींनी त्याला व त्याच्या कुटुंबाला पैसे, राहण्यास घर, प्रवास व हॉटेलखर्च पुरवल्याचा निष्कर्ष एन.सी.ए.ए.ने २०१० मध्ये काढला. विद्यापीठावर दोन वर्षांची हंगामोत्तर बंदी आली, ३० शिष्यवृत्त्या कमी झाल्या, विजयांची नोंद पुसली गेली आणि बुशने करंडक परत केला. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, शिक्षेचा मोठा भार नंतर प्रवेश घेतलेल्या, या व्यवहारांशी काडीचाही संबंध नसलेल्या खेळाडूंनी सोसला. २०२४ च्या एप्रिलमध्ये हाइझमन विश्वस्त मंडळाने बदललेल्या परिस्थितीचा हवाला देत हा करंडक बुशला परत दिला.

तिसरे प्रकरण २०१० मधील कॅम न्यूटन याचे. त्याच्या वडिलांनी मुलाच्या प्रवेशाच्या मोबदल्यात मिसिसिपी स्टेट विद्यापीठाकडून मोठी रक्कम मिळवण्याचा प्रयत्न केल्याचे एन.सी.ए.ए.ला आढळले. न्यूटन ऑबर्न विद्यापीठाकडून खेळत होता. त्याला अपात्र ठरवण्यात आले आणि दुसऱ्याच दिवशी, त्याला वडिलांच्या हालचालींची माहिती असल्याचा पुरावा नाही या कारणाने, पुन्हा पात्र ठरवण्यात आले. त्याच हंगामात त्याने हाइझमन करंडक मिळवला व त्याचा संघ राष्ट्रीय विजेता झाला. येथे प्रथमच कुटुंब व खेळाडू यांच्यात संस्थेने भेद केला. या निर्णयावर टीका झाली आणि २०१२ मध्ये ‘एजंट’ या शब्दाची व्याख्या विस्तारून खेळाडूच्या कौशल्याचा सौदा करणाऱ्या कुटुंबीयांचाही तीत समावेश करण्यात आला. म्हणजे भेद मान्य होताच तो मिटवण्याची तजवीजही झाली.

चौथे प्रकरण सर्वाधिक बोलके आहे. बास्केटबॉलपटू जेम्स वाइजमन शाळेत असताना, २०१७ साली, त्याचे कुटुंब नॅशव्हिलहून मेम्फिसला राहायला आले. या स्थलांतरासाठी त्याच्या आईला पेनी हार्डवे यांनी ११,५०० डॉलर दिले. हार्डवे हे मेम्फिस विद्यापीठाचे माजी ख्यातनाम खेळाडू असून त्यावेळी ते शालेय संघाचे प्रशिक्षक होते. २०१८ मध्ये ते मेम्फिस विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले आणि वाइजमनने तेथे प्रवेश घेतला. हार्डवे यांनी २००८ मध्ये विद्यापीठाला १० लाख डॉलरची देणगी दिली होती. त्यामुळे ते कायमचे बूस्टर ठरले व त्यांनी दिलेली मदत नियमबाह्य ठरली. या रकमेची मुलाला माहिती नव्हती, असे त्याच्या बाजूने सांगण्यात आले. तरीही २०१९ मध्ये त्याला १२ सामन्यांची बंदी झाली व आईला मिळालेली रक्कम धर्मादाय संस्थेला देण्याचा आदेश मिळाला. केवळ तीन सामने खेळून त्याने विद्यापीठ सोडले. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये स्वतंत्र निवाडा मंडळाने या प्रकरणी हार्डवे यांना दोषी धरले नाही. त्यांची मदत त्यांच्या समाजातील दीर्घकालीन दातृत्वाशी सुसंगत होती, असे मानले. देणारा निर्दोष ठरला, पण तोवर घेणारीच्या मुलाने शिक्षा भोगून झाली होती.

न्यूटन व वाइजमन यांची प्रकरणे शेजारी ठेवल्यास नियमांतील तार्किक दोष स्पष्ट होतो. एकात रक्कम मागितली गेली, पण मिळाली नाही. दुसऱ्यात ती मिळाली. हा फरक खरा आहे. परंतु हेतूचा विचार केल्यास पहिल्या प्रकरणात उघड सौदा होता, तर दुसऱ्यात घर बदलण्याचा खर्च होता. अजाणतेपणाचा लाभ पहिल्याला मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही. नियम हेतूकडे न पाहता केवळ देणाऱ्याच्या ओळखीकडे पाहत होता, हेच यावरून सिद्ध होते.

नियमांच्या समर्थनाचा विचार

या नियमांची दुसरी बाजू न मांडता केलेली चिकित्सा एकांगी ठरेल. खेळाडूला थेट पैसे देणे अवघड झाले की ते त्याच्या घरच्यांमार्फत पोहोचवले जातात, हा अनुभव काल्पनिक नाही. १९८७ साली सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा संपूर्ण फुटबॉल हंगाम रद्द करण्याची कठोर शिक्षा देण्यात आली, ती खेळाडूंना हितचिंतकांच्या निधीतून नियमितपणे पैसे दिले जात होते म्हणून. २०१७ मध्ये उघडकीस आलेल्या बास्केटबॉल प्रकरणात क्रीडासाहित्य कंपनीशी संबंधित व्यक्तींनी ब्रायन बोवेन या खेळाडूच्या वडिलांना १ लाख डॉलर देण्याचे ठरवले होते; २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्यीय न्यायालयात तिघे दोषी ठरले. बोवेनला मात्र महाविद्यालयीन स्पर्धेत एकही सामना खेळता आला नाही.

यात आणखी एक सूक्ष्म धोका आहे. मुलाच्या कौशल्याची किंमत पालकांच्या हाती पडू लागली की पालकत्वाचे स्वरूप बदलते. मुलाने कोठे शिकावे हा निर्णय त्याच्या हिताने न होता घराच्या हप्त्याने होऊ लागतो. या धोक्यापासून मुलाचे रक्षण करणे हा नियमांचा हेतू होता असे मानल्यास तो आदरणीय आहे. परंतु शिक्षेचे स्वरूप पाहता हे समर्थन टिकत नाही. पालकांच्या लोभापासून मुलाचे रक्षण करावयाचे असेल, तर पालकांच्या कृतीबद्दल मुलाला शिक्षा करणे हा त्याचा मार्ग असू शकत नाही.

शिवाय हे नियम शब्दांत समान असले तरी परिणामात समान नव्हते. सधन घरातील पालकांना तिकिटासाठी कोणाकडे पाहावे लागत नाही. त्यांच्या बाबतीत नियम मोडण्याचा प्रसंगच येत नाही. ज्यांना मदतीची गरज आहे त्यांनाच मदत घेण्याचा दोष लागू शकतो. जुनी ओळख असल्यास मदत चालते, असा एक अपवाद अंमलबजावणीत मानला जाई. पण ज्या कुटुंबाच्या जुन्या ओळखींत धनिक व्यक्ती नाहीत, त्याला या अपवादाचा उपयोग नव्हता.

प्रवासखर्चाविषयी २०१५ चे परिवर्तन

२०१० साली पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणासाठी १४ वर्षांचा १०.८ अब्ज डॉलरचा करार झाला. उत्पन्नाच्या या आकड्यांसमोर खेळाडूंच्या साध्या गरजांची उपेक्षा अधिकाधिक खटकू लागली. २०१४ च्या एप्रिलमध्ये कनेक्टिकट विद्यापीठाचा शबाज नेपियर याने काही रात्री उपाशीपोटी झोपावे लागते असे जाहीरपणे सांगितले, आणि त्याच महिन्यात खेळाडूंच्या भोजनावरील मर्यादा उठवण्याचा निर्णय झाला.

प्रवासखर्चाच्या बाबतीत निर्णायक क्षण २०१५ च्या जानेवारीत आला. महाविद्यालयीन फुटबॉलच्या नव्या बाद पद्धतीमुळे ओहायो स्टेट व ओरेगॉन या संघांना लागोपाठ दोन दूरचे सामने खेळावे लागले. अंतिम सामना टेक्सास राज्यात आर्लिंग्टन येथे होता. कुटुंबांनी दोन आठवड्यांत दोनदा हा खर्च कसा सोसावा, हा प्रश्न ओहायो स्टेटचे प्रशिक्षक अर्बन मेयर यांनी उपस्थित केला. एन.सी.ए.ए.ने सवलत दिल्यावर स्पर्धेच्या आयोजकांनी प्रत्येक खेळाडूच्या दोन पालकांपर्यंत, प्रत्येकी १,२५० डॉलर इतका खर्च देऊ केला. त्याच सुमारास पुरुष व महिला अशा दोन्ही बास्केटबॉल स्पर्धांच्या उपान्त्य फेरीसाठी प्रत्येक खेळाडूच्या कुटुंबाला ३,००० डॉलरपर्यंत व अंतिम फेरी गाठल्यास आणखी १,००० डॉलरपर्यंत खर्च देण्याचा प्रायोगिक उपक्रम एन.सी.ए.ए.ने जाहीर केला.

या बदलाचे महत्त्व रकमेत नाही. आदल्या वर्षापर्यंत जे भ्रष्टाचाराचे लक्षण होते ते केवळ एका निर्णयाने सौजन्याचे लक्षण ठरले, आणि त्यामुळे खेळाचे स्वरूप जराही बिघडले नाही. प्रेक्षक कमी झाले नाहीत, स्पर्धेचा तोल ढळला नाही, खेळाडूचे विद्यार्थीपण नष्ट झाले नाही. निषेधाच्या समर्थनार्थ दिली गेलेली भीती निराधार होती, हे संस्थेनेच स्वतःच्या कृतीने दाखवून दिले. असे असूनही वाइजमन प्रकरण याच्या चार वर्षांनंतर घडले. प्रवासखर्चाला मान्यता मिळाली ती सवलत म्हणून. तिच्यामागील तत्त्व कधीच शब्दबद्ध झाले नाही, हे त्याचे कारण होय.

२०२१ नंतरची परिस्थिती

२०२१ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एकमताने एन.सी.ए.ए.च्या विरोधात निकाल दिला. निकाल शैक्षणिक स्वरूपाच्या लाभांपुरता मर्यादित असला तरी हौशीपणाच्या नावाखाली स्पर्धाकायद्यातून सूट मिळणार नाही, हे त्याने स्पष्ट केले. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव, प्रतिमा व ओळख यांच्या व्यापारी वापराचा मोबदला घेता येऊ लागला. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी हाउस खटल्यातील तडजोडीला मान्यता दिली. तीनुसार माजी व तत्कालीन खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर भरपाई आणि २०२५-२६ या वर्षी प्रत्येक सहभागी विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली. हितचिंतकांशी होणारे ६०० डॉलरहून अधिक रकमेचे करार तपासणीसाठी सादर करण्याचे बंधन मात्र घालण्यात आले.

यामुळे कुटुंबाच्या प्रवासखर्चाचा प्रश्न कालबाह्य झाला असे वाटण्याचा संभव आहे. ज्याला लाखो डॉलर मिळतात तो आईचे तिकीट स्वतः काढू शकतो. परंतु हा युक्तिवाद मोजक्याच खेळाडूंना लागू पडतो. नव्या व्यवस्थेतील मोबदला बाजारमूल्यावर ठरतो; त्यामुळे त्याचा बहुतांश भाग फुटबॉल व पुरुषांचे बास्केटबॉल यांकडे जातो. जलतरण, कुस्ती, धावणे, महिलांचे अनेक खेळ यांतील खेळाडूंना बाजार फारसे मूल्य देत नाही. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या परदेशी खेळाडूंना तर उत्पन्न मिळवण्यावर कायद्याचीच बंधने आहेत, आणि त्यांच्याच पालकांचा प्रवास सर्वाधिक खर्चाचा असतो. जुन्या व्यवस्थेत कुटुंबाची गरज हौशीपणाच्या नावाखाली नाकारली गेली; नव्या व्यवस्थेत ती बाजाराच्या नावाखाली दुर्लक्षिली जाण्याचा धोका आहे. दोन्हींत गरज हा निकष मात्र आढळत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, या नियमांचे अपयश अतिकठोरपणाचे नसून चुकीच्या ठिकाणी रेषा आखल्याचे होते. पैसा कुटुंबापर्यंत पोहोचला किंवा नाही, हा प्रश्न महत्त्वाचा मानला गेला. तो कशासाठी पोहोचला, हा प्रश्न विचारला गेला नाही. मुलाचा निर्णय विकत घेण्यासाठी दिलेली रक्कम आणि मुलाजवळ उपस्थित राहता यावे म्हणून दिलेली मदत या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील भेद ओळखण्यासाठी तीन कसोट्या पुरेशा ठराव्यात. मदत देणारी संस्था उघडपणे देते किंवा नाही. ती संघातील सर्वांना, राखीव खेळाडूसह, समान मिळते किंवा नाही. आणि तिचा विनियोग ठरलेल्या प्रयोजनापुरता होतो किंवा नाही. २०१५ चा प्रवासखर्च या तिन्ही कसोट्यांवर उतरतो. बोवेनच्या वडिलांना देऊ केलेली रक्कम एकाही कसोटीवर उतरत नाही. वाइजमनच्या आईला मिळालेली मदत उघडपणे व समान रीतीने दिलेली नव्हती, म्हणून तिची चौकशी होणे रास्त होते. परंतु त्या चौकशीचे उत्तर मुलाच्या बंदीत शोधणे रास्त नव्हते.

शिक्षणसंस्थेत येणारा प्रत्येक विद्यार्थी कोणाचा तरी मुलगा किंवा मुलगी असतो. खेळाडूच्या कौशल्यावर प्रेक्षागृहे भरवणाऱ्या संस्थांनी त्या प्रेक्षागृहात त्याच्या आईवडिलांसाठी जागा ठेवणे, एवढेच नव्हे तर त्यांना तेथवर पोहोचता येईल याची काळजी घेणे, हे उपकार नसून शैक्षणिक जबाबदारीचाच भाग आहे. ही जबाबदारी सवलतीच्या भाषेतून हक्काच्या भाषेत आल्याखेरीज नियमांच्या चौकटीत कुटुंबाला त्याचे योग्य स्थान मिळणार नाही.